मोटर दम सोडते

मंगळवार, ता. ४

आज परत तेच. रामघाटावरून बोट निघाली तेव्हा मोटर व्यवस्थित ओरडत होती. छोट्या रपटेजवळ, म्हणजे त्या बुटक्या पुलापाशी, आवाज बसला आणि मग बंदच. बोट प्रवाहात आडवी. नेमकी त्याच वेळी काठावरच्या यात्रेकरूंपैकी एक बाई शेवाळावरून घसरून खोल पाण्यात. ह्यांनी उडी मारली. बाई वाचली, तिच्या माणसांनी ह्यांचे पाय धरले, घाटावर टाळ्या.

मी पायरीवर पिशवी धरून उभी. टाळ्या वाजवणाऱ्यांना काय माहीत, छातीत दोन स्टेंट आहेत म्हणून. इंदूरच्या डॉक्टरांनी गार पाण्यात पोहायची सक्त मनाई केली आहे.

घरी आल्यावर ओठ निळे. म्हणतात, "चहा कर, आलं घाल." आलं घातलं.

बुधवार, ता. ५

आमचं काय ठरलंय ते एकदा लिहून टाकते, डोकं तरी हलकं होईल. दवाखान्यातून आल्यावर ह्यांनी शब्द दिला होता. घाटावर बुडणाऱ्यांना वाचवणारं तैराक मंडळ सोडणार नाही, पण पाण्यात उतरणार नाही. बोटीत बसायचं, दोर टाकायचा, टायर टाकायचा, बस. मी कबूल झाले, कारण सेवा सोडली तर हा माणूस घरात कुढून मरेल.

पण हे सगळं मोटर चालते तोवर. ती थांबली की वल्ह्यांनी वेळेवर पोहोचता येत नाही, आणि मग हे कुणाचं ऐकत नाहीत.

१७ला सोमवती अमावस्या. सगळा माळवा नहायला येणार. तोवर ती म्हातारी मोटर सुधारलीच पाहिजे. नवी मिळणार, मिळणार, हे ऐकून कान किटले.

शुक्रवार, ता. ७

शाळेत शिकवून झाल्यावर थेट फ्रीगंज. टावर चौकामागे सलीमभाईंचं दुकान, जनरेटर आणि पंप दुरुस्त करतात. कैलासने मोटर तिथे आणून ठेवली होती. (कैलास म्हणजे आमचा नावाडी, बोट तोच चालवतो.) प्लग काढला, काळाकुट्ट. नवा बसवला. कार्ब्युरेटर उघडून धुतला. "कचरा था मॅडम. अब उड़ेगी."

संध्याकाळी उडाली खरी. नृसिंह घाटापर्यंत गेली, वळली, आणि वळताना बसली. कैलास वल्ही मारत परत. "भाभीजी, इसका दम उखड़ जाए है." हे हसत होते. मला हसू येईना. 'दम' हा शब्दच हल्ली सहन होत नाही.

थोडं थांबलं की पुन्हा सुरू होते, हे मात्र विचित्र.

शनिवार, ता. ८

पंख्यात काहीतरी अडकलं असेल म्हणून मोटर वर उचलून पाहिली. अर्धी चुनरी निघाली, नाडे, हाराचे दोरे. सगळ्यांना वाटलं सापडलं. कुठलं काय. मोटर गार ठेवणारी मागची पाण्याची धार नीट पडते, म्हणजे तापत नाही. पेट्रोल बदललं. तरी तेच.

घरी भांडण. मी म्हटलं, मोटर सुधारली नाही तर सोमवतीला बोटीत जायचं नाही.

"बरं. मग घाटावर उभा राहीन."

घाटावर उभे राहिले तर पहिल्याच आरडाओरड्याला पाण्यात.

सोमवार, ता. १०

आज मी स्वतः बोटीत बसले. "बाईसाहेब ड्यूटीवर?" असं घाटावरच्यांचं विचारून झालं. लक्ष दिलं नाही.

टाकीतून मोटरकडे जी नळी जाते तिला मध्ये एक रबरी फुगा आहे. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. मोटर बसायला लागली तेव्हा पाहिलं तर फुगा चपटा, आत ओढलेला. कैलास म्हणाला, रबर पुराना है. धावपळ करून नवा आणला, बसवला. तोही चपटा. म्हणजे दोष फुग्याचा नाही. मग कोण ओढतंय त्याला?

बुधवार, ता. १२

सापडलं!

दुपारी तेलाचा नवा डबा फोडला. घाईत एकच भोक पाडलं. तेल दोन गचके देऊन थांबलं. सवयीने दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं पाडलं, धार सुरळीत. खिळा हातात तसाच धरून व्हरांड्यात गेले.

पेट्रोलची टाकी आमच्याच व्हरांड्यात असते, घाटावर ठेवली तर पेट्रोल राहत नाही. तिच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक हवं. दिसेचना. झाकण अख्खं शेंदरी. इतके दिवस मी तो रंगच समजत होते. नखाने खरवडलं तर शेंदूर, तुपात कालवलेला, थरावर थर. मारुतीला चढवतात तसा कुणीतरी झाकणाला चोला चढवतंय. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, मग टाकी धार धरून ठेवणार नाही तर काय. झाकण सैल केलं तर सूंऽऽ करून हवा ओढली.

कैलासला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या.

गुरुवार, ता. १३

झापलं त्याला. त्याने कानाला हात लावले. "मैं तो नाव के माथे पे टीका लगाऊँ, भाभीजी. टंकी तो आपके घर रेवे है."

खरंच की. टाकी आमच्या घरी. घरात आम्ही दोघंच, आणि मी तर नाही.

शुक्रवार, ता. १४

विचारलं नाही. पोळी मोडताना ह्यांचे हात पाहिले. नखांच्या कडेला शेंदरी रेघ. जन्मभर माझ्या उपासांची टिंगल केली या माणसाने. मला राग यायला हवा होता, पण भलतंच काहीतरी वाटत राहिलं दिवसभर.

शनिवार, ता. १५

पहाटे व्हरांड्यात वाटी घेऊन वाकलेले. मला पाहून वाटी लपवली नाही, तेवढं बरं.

"हे कधीपासून?"

"दवाखान्यातून आल्यापासून. ती थांबली तर मला उतरावं लागतं ना. म्हणून तिला सांगतो, बाई, थांबू नकोस."

"आणि तिचंच नाक बंद केलंत."

वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "भीती वाटते गं." इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं. ते टाकीकडे बघत बसले.

झाकण घासायला गेले तर हात धरला, चोला असा उतरवत नाहीत म्हणे. वाद घातला नाही. सुईने भोक मोकळं केलं, बाकी शेंदूर राहू दिला. यापुढे भोक सोडून चढवायचा, एवढं कबूल करून घेतलं.

रविवार, ता. १६

रपटेपासून नृसिंह घाट आणि परत, अशा कितीतरी फेऱ्या. आवाज एकदाही बसला नाही. फुगा गोल. कैलास सगळ्यांना सांगत सुटला की मोटर भाभीजींनी सुधारली.

हे म्हणाले, "झालं समाधान? उद्या बोटीतून हलणार नाही." मी विश्वास ठेवला. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

मंगळवार, ता. १८

काल लिहवलं नाही.

सोमवतीची ही गर्दी. नहाणासाठी आमच्या नदीत नर्मदेचं पाणी सोडलेलं, ओढ नेहमीपेक्षा जास्त. मोटर सकाळपासून एकदाही अडली नाही. दुपारी पलीकडच्या काठाजवळून एक म्हातारे गृहस्थ वाहत निघाले. कैलासने बोट बरोबर त्यांच्यापाशी नेली. मी घाटावरून बघत होते. एवढ्या गलक्यातही मोटरचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता, भरलेला, एकसारखा. दोर सहज पोहोचला असता. ह्यांनी दोर हातात घेतला. खाली ठेवला. आणि उडी मारली.

म्हातारे वाचले. हे आत झोपलेत, मधूनच छाती चोळतात, विचारलं तर काही नाही म्हणतात. उद्या इंदूरला नेते आहे.

संध्याकाळी कैलास येऊन गेला. घरात आला नाही, दारातच उभा राहिला. "भाभीजी, मोटर तो चल री थी."

चालू होती. मला माहीत आहे. आता काय खोलून बघू?