दोन्हीकडच्या बातम्या

आप्पा, आज पुन्हा आखातात लढाई पेटल्याची बातमी आली आणि आमच्या भाजीवाल्यानं दुपारीच भाव वाढवले. तुम्ही असता तर हसला असता आणि रेडिओ लावला असता. निपाणीत तुमची ती सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. आधी सांगलीच्या मराठी बातम्या, मग धारवाडच्या कन्नड. दोन्हीकडं जुळेल तेवढंच खरं, बाकी सगळं वाऱ्यावर. हद्दीवरच्या माणसानं एका कानानं ऐकू नये, असं तुम्ही वर्गात भूगोल शिकवतानाही सांगायचात.

इराक-इराणचं युद्ध सुरू झालं तेव्हा माझा नवरा बसऱ्याला वेल्डर होता. त्याची पत्रं बंद झाली. मी माहेरी, पोटुशी, घास उतरत नव्हता. एकदा भाकरी थापता थापता मी चिडून विचारलं, "ही माणसं भांडत्यात तरी कशापायी?" तुम्ही परातीतल्या पिठात बोटानं नदी काढलीत.

"हद्द नदीच्या मधनं का काठावरनं, हे लई जुनं भांडण हाय गं. रेघ ओढणारं निघून जात्यात, काठावरच्यांनी भोगायचं. त्यात आता खाली तेल घावलंय. तिथं गोळी सुटली की हितं तुझा स्टो विझतोय, बसचं तिकीट वाढतंय, उसाचं इंजान बंद पडतंय. साऱ्या जगाला धग."

रेघ म्हणजे काय हे आपल्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. मला सगळं समजलं, फक्त माझा माणूस कुठं आहे ते कळत नव्हतं.

मग एका सकाळी रॉकेलच्या रांगेतून कॅन घेऊन तुम्ही आलात ते दारातूनच ओरडत. "हॉटेलातल्या रेडिओवर ऐकलं गं! आपली माणसं बसऱ्यातनं बाहीर काढल्यात. कुवेतला पोचल्यात."

"दोन्हीकडं सांगितलं?"

"व्हय, दोन्हीकडं. जेव आता."

मी दोन भाकरी खाल्ल्या. आई तुमच्याकडं बघत राहिली आणि तुम्ही कॅनचं टोपण शोधत बसलात, ते कॅनलाच होतं.

पुढं तो खरंच कुवेतमार्गे आला, वाळलेला, पण धडधाकट. आमची लेक आज स्वतः आई आहे. आप्पा, जन्मभर तुम्ही नेम मोडला नाहीत. माझ्यासाठी तेवढा एकदा मोडलात, हे उपकार मी कसे विसरू?

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून सांगते. तुम्ही रांगेत होता तेव्हा घरचा रेडिओ मी लावला होता. आधी सांगली, मग धारवाड. आपल्या माणसांचं कुणी काहीच सांगितलं नव्हतं. तरी मी जेवले, तुम्ही म्हणालात म्हणून.