स्वरूपाच्या आईची अंबाडी

धर्माबादच्या राजव्वा विहीणबाईंना लातूरहून सरजाबाईचा जयभीम.

हे पत्र टपालात टाकायचं न्हाई अशी तुमच्या लेकीनं, स्वरूपानं शपथ घातलीया, पण लिहिल्याबिगर मला राहवंना. आवं, मी पणजी होणार अन् तुम्ही आजी! माझा नातू मिलिंद नव्या लातूर जिल्ह्याच्या कचेरीत लागला, खोली मिळाली, सगळं ब्येस हाय. पण पोरीच्या पोटात अन्न ठरंना. पाचवा महिना सरला तरी नुसती काडी. माझा जीव थाऱ्यावर न्हाई.

परवा तिला अंबाडी खावी वाटली. असल्या दुष्काळात जुडी मिळाली म्हणून मी हरखले. आमच्यात शिजवून, पिळून, ज्वारीच्या कण्या घालून करतात, तशी केली. तर तोंड बारीक करून म्हणती, "आज्जी, सगळा आंबटपणा मोरीत ओतला की! आई पाण्याचा थेंब न घालता तेलात परतती, लाल मिरचीसंगं वाटती."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय गं बये?"

आज तशी केली. दोन घास खाल्ले, अन् ताट सारून रडाय लागली. "आईची लागती तशी न्हाई लागत."

विहीणबाई, काय घालायचं ऱ्हायलं माझं? एकदा येऊन करून दावा. आमच्या घरचं पाणी तुम्हाला चालत न्हाई, म्हणून लग्नालाबी आला न्हाईत, ठाऊक हाय. तुमची कळशी भरून आणा. दुष्काळ हाय, कुणी काई इचारणार न्हाई.

वाट बघणारी,
सरजाबाई