कप्तान करवतला पडलेले ९.८ आणि माझा एक तृतीयांश

अल्लाहच्या नावाने सुरुवात करून लिहून ठेवतो की, मी शेख चांदपाशा वल्द खाजामियाँ, वय एकोणपन्नास, धंदा बाइंडिंग, झेरॉक्स व लॅमिनेशन, मूळ गाव उदगीर तालुक्यातले, हल्ली मुक्काम लातूर, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. हजच्या तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाब, साखर, डोळे सगळे पाहून मला धडधाकट ठरवले. अक्कल तपासायचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते, म्हणून ती शाबूत असल्याचे मीच जाहीर करतो. कालपासून मला अधूनमधून हसू फुटते आहे. अक्षर कुठे वाकडे गेले असेल तर ते हसण्यामुळे, आजारामुळे नव्हे.

मरायची घाई नाही. हजला निघण्याआधी वसीयत लिहायची आणि घरोघर जाऊन 'कहासुना माफ' म्हणायचे, म्हणजे बोलण्याचालण्यात काही दुखावले असेल तर माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. आधी हे दोन्ही केल्याशिवाय पुढचा प्रवास हलका होत नाही.

कलम एक. राहते घर, दुकान आणि गावाकडची जमीन यांविषयी मी काही लिहीत नाही. मलिकाचा आणि मुलांचा हिस्सा शरियतने आधीच ठरवून ठेवला आहे. मलिका, म्हणजे माझी पत्नी, हे ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही लिहा न लिहा, आम्हाला मिळायचं ते मिळणारच. मग सकाळपासून टेबल अडवून काय लिहून राहिलात?"

एक तृतीयांश लिहून राहिलो. वारसांखेरीज इतरांना तेवढेच देता येते. माझी हत्यारे, कॉमिक्स आणि रुसवे त्यात आरामात बसतात.

कलम दोन. बाइंडिंगचा लाकडी शिकंजा, दाभण, कातर आणि खळीचे भांडे माझ्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला द्यावे. तिथे किशनराव गुरुजींनी माझे अक्षर वळवले. हा कागद तुम्हाला वाचता येतो आहे तो त्यांच्या पट्टीमुळे. शाळेची पुस्तके फाटतात, शिवायला कोणीतरी शिकेल.

कलम तीन. लॅमिनेशनचे मशीन हवे त्याला द्यावे, फक्त कॉमिक जमवणाऱ्याच्या हाती लागू देऊ नये. लातुरात जे जपायचे ते लॅमिनेट करतात. मार्कलिस्ट, जातीचा दाखला, एका आजोबांनी तर नातीच्या पावलाचा कुंकवातला ठसा आणला होता. कॉमिक मात्र लॅमिनेट केले की मेले. हे मी गिऱ्हाइकांना सांगून थकलो.

कलम चार. 'कप्तान करवत', अंक पहिला, एक प्रत. याला जागा लागेल.

या कप्तानाच्या उजव्या हाताच्या जागी करवत आहे आणि तो जंगल तोडणाऱ्यांशी लढतो. त्यासाठी करवतच का, हे लिहिणाऱ्याला शेवटपर्यंत सुचलेले दिसत नाही. भूकंपाच्या आधी मी सायकलला लोखंडी पेटी बांधून गावोगाव अशी कॉमिक्स भाड्याने देत असे. प्रत्येकाच्या तिसऱ्या पानावर माझा रबरी शिक्का: 'चांद वाचनालय. वाचून परत करा. अल्लाह बघतो आहे.'

भूकंप झाला आणि औशाकडचे लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. मी पेटी तिकडे नेऊन उघडली. भाडे घेतले नाही, नावे लिहिली नाहीत. घ्या म्हटले. सगळी गेली. परत मागायला मी गेलो नाही. त्या लेकरांकडे दुसरे काय उरले होते?

हिवाळा सरता सरता माझ्याच वयाचा एक जण दारात आला. अंगावर मदतीच्या गाठोड्यातला ढगळ शर्ट, हातात कप्तान करवत.

"हे तुमचं."

"ठेवायचं होतं की."

"ठेवणार हुतो. पण शिक्का वाचला. आमच्या गावात आता बघायला कुणी न्हाई राहिलं. म्हटलं, ह्यांचा अल्ला तरी बघून राहिलाय, तर त्याला कशाला नाराज करा."

तो शिवमूर्ती. साऱ्या पेटीतून परत आलेली ही एकच प्रत आणि आणणारा हा एकच माणूस. मी त्याला चहा पाजला. मधली तीन वर्षे सोडली तर तो चहा अजून संपलेला नाही.

पुढे लातुरात क्लासेस आले. माझे कॉमिक्सचे दुकान नोट्सचे झाले आणि शिवमूर्ती फिजिक्सचा सर झाला. चौकात त्याचा फ्लेक्स एवढा मोठा की पाऊस आला की खाली रिक्षा उभ्या राहतात. रविवारी तो नांदेडच्या शाखेत शिकवतो.

मग जुनी कॉमिक्स जमवणारे निघाले, आणि त्यांच्यामागून कॉमिक्सना मार्क देणारे. पुस्तक त्यांच्याकडे द्यायचे. ते कोपरे, पिना, पानांचा रंग बघून दहापैकी गुण देतात, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत ते कायमचे बंद करतात आणि वर गुणांची चिठ्ठी लावतात. डबी फोडली की गुण रद्द. म्हणजे घेणाऱ्याने आत बघायचेच नाही, चिठ्ठीवर इमान ठेवायचे. न बघता इमान ठेवणे मला नवीन नाही. पण ते कोणावर ठेवायचे याचा विचार मी आयुष्यभर केला, आणि इथे मात्र केला नाही.

नांदेडला स्टेशन रोडवर, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर, व्यंकटराव नावाच्या गृहस्थांनी असे केंद्र काढले होते. शिवमूर्तीने हट्टाने कप्तान करवत तिकडे नेला आणि काही दिवसांनी डबी घेऊन ओरडतच दुकानात शिरला.

"चांद्या! नऊ पॉइंट आठ! मेरिटमध्ये आलं की रे!"

शेजारच्या खानावळीतून केवळाबाई पदराला हात पुसत आली. "कुणाचं पोरगं?"

"कप्तान करवत!"

"कंच्या बॅचचा?"

शिवमूर्तीने पेढे वाटले. तेवढ्यावर न थांबता त्याने फ्लेक्स लावला: 'कप्तान करवत, ९.८, हार्दिक अभिनंदन'. निलंग्याहून आलेले एक वडील आपल्या मुलीला त्याच क्लासला घालायचे म्हणून चौकशी करून गेले.

शिक्का मारलेल्या पुस्तकाला इतके गुण पडत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. पण लातुरात मार्क कमी पडले तर पेपर रिचेकिंगला टाकतात आणि जास्त पडले तर पेढे वाटतात. जास्त का पडले, असे विचारायची इथे पद्धत नाही.

नंतर उदगीरला एकाच्या स्कूटरवरून व्यंकटरावांची एक डबी पडून फुटली. मुखपृष्ठ अस्सल, आत बियाणे कंपनीची माहितीपुस्तिका. जमवणाऱ्यांत बोंब झाली. मी व्यंकटरावांना फोन लावून माझ्या शिक्क्याविषयी विचारले.

"शिक्का?" ते म्हणाले. "माझ्याकडं आलेली प्रत कोरी होती साहेब. गुण मी बरोबर दिले. तुमच्या माणसानं जाता-येता काय केलं ते त्यालाच विचारा."

त्यानंतर फोन बंद, केंद्राचे शटर बंद. बोलणे मात्र लातूरभर झाले: शिवमूर्तीनेच प्रत बदलली.

मी शिवमूर्तीला काहीच विचारले नाही. पण गप्प बसणेही त्याला ऐकू येते. तो म्हणाला, "फोड डबी. आत शिक्का असला तर त्यो खोटा. नसला तर मी चोर. फोड."

मी म्हणालो, "फोडली तर नऊ पॉइंट आठ जातील रे."

त्याने माझ्याकडे पाहिले, चहा अर्धा ठेवला आणि निघून गेला. तो तीन वर्षे आला नाही.

कलम पाच. काल काय झाले ते इथे लिहिणे भाग आहे, कारण त्याने वरच्या मालमत्तेचे वर्णनच बदलले.

माफी मागत फिरता फिरता मी शिवमूर्तीच्या क्लासला गेलो. खोली मुलांनी भरलेली, फळ्यावर घर्षणाचा धडा. मी दारातूनच म्हणालो, "मूर्ती, हजला निघालो. कहासुना माफ कर."

त्याने खडू खाली ठेवला नाही. "तसं न्हाई माफ होत. डबी आणलीस?"

आणली होती. पिशवीतून डबी काढली आणि तिच्यामागून हॅकसॉ ब्लेड काढले.

"करवत!" तो म्हणाला. ओठाचा एक कोपरा हलला, पण त्याने तो आवरला.

मुलांसमोर, त्याच्या टेबलावर मी डबी कापली. प्लॅस्टिकचा भुगा त्याच्या हजेरीपटावर पडला. पुस्तक बाहेर आले, पण पान उलटायला माझा हात होईना. शिवमूर्तीच म्हणाला, "बिस्मिल्ला म्हण आन उलट."

उलटले. तिसऱ्या पानावर निळ्या शाईत, जरासा तिरपा: वाचून परत करा. अल्लाह बघतो आहे.

शिवमूर्ती खुर्चीत बसला. खडूच्या हातानेच त्याने डोळे पुसले, त्यामुळे भुवया पांढऱ्या झाल्या. मग एकदम ओरडला, "म्हंजी त्यानं पान उलटून सुदिक बघितलं न्हाई! पेपर न तपासता मार्क दिले!"

"आणि आपण पेढे वाटले!" मी म्हणालो.

"फ्लेक्स लावला!"

मग आम्हाला बोलता येईना. मी टेबल धरून हसलो, तो फळा धरून. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग आता ह्याला किती?"

"फेल!" शिवमूर्ती म्हणाला. "साफ फेल!"

नापास झाल्याचा एवढा आनंद लातुरात कधी कोणी पाहिला नसेल.

मी फसलो, पण परक्याकडून फसलो. अल्लाहचे केवढे उपकार. फसवणारा माझा निघाला असता तर काबागृहासमोर हात उचलून मी काय मागितले असते?

कलम सहा. व्यंकटराव यांना मी माफ केले आहे. त्यांचा पत्ता लागल्यास कापलेली डबी, ९.८ च्या चिठ्ठीसह, त्यांना पोचवावी. तिच्यात काय ठेवायचे ते त्यांनी ठरवावे. ठेवण्याआधी एकदा बघावे, एवढीच विनंती.

कलम सात. ~~'कप्तान करवत' माझे मित्र शिवमूर्ती यांना द्यावा.~~

हे कलम मीच खोडले. कारण लिहितो. आज हा कागद वाचून दाखवायला मी सगळ्यांना दुकानात बोलावले. शिवमूर्ती आणि केवळाबाई साक्षीला, आणि आलिया, माझ्या भावाची मुलगी, वकील म्हणून. सात नंबरला आलियाने मला थांबवले.

"चाचा, आपल्यात साक्षीदार नसले तरी वसीयत चालते. पण ठेवायचेच असतील तर ज्याला काही मिळतंय त्याची सही नको. उद्या लोक म्हणतील, ह्यानंच लिहून घेतलं. सरांना एक तर पुस्तक मिळेल, नाहीतर सही करता येईल."

"मग पुस्तकच," मी म्हणालो. "साक्षीला कोणीही मिळेल."

शिवमूर्ती म्हणाला, "खोड."

"काय खोडू?"

"माझं नाव. पुस्तक मी एकदा परत केलंय. परत केलेलं पुन्ना घ्यायचं नसतंय. तीन वर्षं गाव माझ्याकडं बोट दाखवून राहिलं, चांद्या. मला पुस्तक नको. भरवशाचा माणूस म्हणून कागदावर नाव पायजे."

"सर, हा कुठं स्टॅम्प पेपर आहे," आलिया म्हणाली, "साधा कागद आहे."

"असू दे. ह्याचाच पायजे."

मी खोडले. इतक्या खुशीने मी एकही ओळ लिहिलेली नाही.

केवळाबाई म्हणाली, "म्हंजी सही केली की काहीच न्हाई व्हय? बरंय की! आन त्यो पंखा?"

दुकानातला टेबलफॅन मी तिला आत्ताच, जिवंतपणी दिला आहे. तो या मृत्युपत्रात धरू नये. सही करण्याआधी तिने तो खानावळीत नेऊन लावूनही पाहिला.

कलम आठ, सातच्या जागी. 'कप्तान करवत' दुकानाबाहेरच्या बाकावर, झेरॉक्ससाठी थांबणाऱ्या मुलांकरिता ठेवावा. डबीत घालू नये, लॅमिनेट करू नये, दोरीने बांधू नये. कोणाला घरी न्यावासा वाटला तर नेऊ द्यावा, नाव विचारू नये. तिसऱ्या पानावर लिहिले आहे तेवढे पुरे. परत घेऊन येईल त्याला चहा पाजावा.

कलम नऊ. मी तिकडे मक्केत वारलो तर तिथेच दफन करावे, आणायची खटपट करू नये. इथे वारलो तर खांदा द्यायला शिवमूर्तीला बोलवावे. तो क्लास सोडून येणार नाही असे म्हणेल. येईल.

वरचे सगळे मी लिहिले, मोठ्याने वाचले, ऐकणारे हसले तिथे थांबलो, आणि जे खोडले ते सर्वांदेखत खोडले. आता माझ्यामागे कोणाचा रुसवा नाही. असला तर मला परतल्यावर सांगावा.

ठिकाण: लातूर
शुक्रवार, दि. १२ मे २०२३, जुम्म्याच्या नमाजनंतर

(सही) शेख चांदपाशा खाजामियाँ

साक्षीदार:

१. (सही) केवळाबाई सूर्यवंशी, खानावळ, लातूर. पंखा चालू आहे.

२. (सही) शिवमूर्ती हलकुडे, शिक्षक, लातूर. चांदपाशाने माझ्यादेखत सही केली. तो शुद्धीवर होता, खुशीत जरा जास्तच होता. मला या कागदाने काहीही मिळत नाही.