घरात आई एकच

प्रिय वहिनी,

तुझं वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात आहे. काल फ्लेक्स करायला श्रीगोंद्याला गेलो होतो आणि तिथून आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. फोन लावायची सोय नाही, म्हणून हे लिहितोय.

फ्लेक्सवाल्या पोराने विचारलं, कुणाचं करायचं? मी म्हणालो, वहिनीचं. त्याने तुझा फोटो घेतला, कडेने फुलं टाकली आणि खाली 'शोकाकुल' लिहून माझ्या नावापुढे 'दीर' असं टाकलं. मी म्हणालो, अरे, दीर कुठला, मुलगा आहे मी तिचा. त्याने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उन्हाने याचं डोकं फिरलंय, असंच त्याला वाटलं असणार. तुझ्या खऱ्या दिराला, म्हणजे आप्पांना, फोन केला तर ते म्हणाले, 'मातोश्री' छापून मोकळा हो. पण मातोश्री म्हटल्यावर गावात कुणाला कळणार की तू आहेस? शेवटी वर मोठ्या अक्षरात 'वहिनी' आणि खाली तुझं नाव छापून आणलं.

परक्या माणसाला हे समजावता समजावता माझा अर्धा जन्म गेला. तू या घरात थोरली सून म्हणून आलीस तेव्हा आप्पा शाळेत जात होते आणि आत्या परकरात होती. दोघं तुला वहिनी म्हणत. मी बोलायला लागलो तेव्हा जे कानावर पडलं ते उचललं. आणि 'आई' हा शब्द रिकामा होताच कुठे? तो आजीकडे होता. तिचे थोरले म्हणजे आपले अण्णा तिला आई म्हणत, धाकटे आप्पा म्हणत, शेतावरची माणसं म्हणत, मग मीही म्हणायला लागलो. आजही म्हणतो. पण या पत्रात तिला आजीच लिहितो, नाहीतर माझाच घोळ व्हायचा.

घरोघरी मातीच्या चुली. शेजारच्या वस्तीवरची पोरं बापाला भाऊ म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून मलाही कधी वाटलं नाही. तुला वाटायचं का गं? सासू-सासऱ्यांसमोर स्वतःचं लेकरू उचलून घ्यायचं नाही, त्याचे लाड करायचे नाहीत, अशी ती रीत. त्यात नावाचं दुःख तू कुणापुढे मांडणार होतीस?

शिर्डीची गोष्ट आठवते? गुरुवारची गर्दी होती आणि फुलांच्या दुकानांपाशी तुझा हात सुटला. मी "वहिनी, वहिनी" करत रडत फिरलो. कुणीतरी मला उचलून चौकशीच्या खिडकीपाशी नेलं. भोंग्यावरून पुकारलं, श्रीगोंद्याच्या दत्तूच्या वहिनींनी यावे. तू धावत आलीस तर खिडकीतला माणूस मला सोडेना. म्हणाला, वहिनी असाल हो, पण पोराच्या आईला घेऊन या. तू पदर सावरलास आणि इतक्या लोकांत म्हणालीस, "मीच हाय त्याची आई."

त्याला ते पटेना. मला विचारलं, तर मी म्हणालो, आई घरी आहे! शेवटी मी तुझा पदर सोडेना, तेव्हा त्याने जाऊ दिलं. काय झालं असेल तेव्हा तुझं? परतीच्या एसटीत तू मला मांडीवर घेऊन हसत होतीस. म्हणालीस, "आई म्हनून वरडला असतास तर सगळ्याच बाया वळल्या असत्या. वहिनी म्हनलास म्हनून घावलास." मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं. पण त्या दिवशी तू मला जरा जास्तच घट्ट धरलं होतंस.

मग रोहिणी या घरात सून म्हणून आली आणि आम्हाला गार्गी झाली. बारशाला घर भरलं होतं, आत्याने कानात नाव सांगितलं, बायका घुगऱ्या खात होत्या. आणि तू, जिने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, पाळण्याची दोरी धरून सहज बोलून गेलीस, "ही मला आई म्हनंल."

सगळ्या बायकांची तोंडं थांबली. रोहिणी घुगऱ्या वाढत राहिली. नगरची मुलगी, मास्तरीण, पण चारचौघांत सासूला उलटून बोलणारी नव्हे. पाहुणे पांगल्यावर तिने मला स्पष्ट सांगितलं की आई ती स्वतःच, आणि तू आजी. यात तिचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. पण तू आजी व्हायचं तर आजीने पणजी व्हायला हवं होतं. तिला विचारायला गेलो तर पडवीतल्या खाटेवरून म्हणाली, "पनजी म्हंजे वर जायची तयारी. ह्या घरात आई येकच, अन ती अजून जित्ती हाय." एसटीत बसलेला उठल्याशिवाय उभ्या असलेल्याला बूड टेकायला मिळत नाही, तशी तुझी गत झाली. अण्णा मूग गिळून गोठ्यात जाऊन बसले. मलाही तिथेच जाऊन बसावंसं वाटत होतं.

तू पाळणा हलवताना हळूच म्हणायचीस, "आई म्हन, आई." रोहिणी दूध पाजताना तेच म्हणायची. मला दोन्हीकडून ऐकू यायचं. भांडण असं नव्हतंच. आवाज चढला नाही, कुणी ताटावरून उठलं नाही. फक्त तुम्ही दोघी एकमेकींशी भाजी-मिठापुरतं बोलायला लागलात.

एकदा मात्र तू भाकरी थापत असताना रोहिणीने विषय काढला. म्हणाली, "वहिनी, तुमचा शब्द दुसऱ्याने घेतला, ते वाईटच झालं. पण मग तुम्ही माझा का घेता?" तुझा हात परातीतच थांबला. तू नुसतं "व्हय" म्हणालीस आणि पुढची भाकरी थापायला घेतलीस. मी दाराशी चपला घालत होतो, त्या घालायलाही मला उशीर लागला.

पुढचं तू कुणालाच सांगितलं नाहीस, म्हणून आज मी सांगतो. रोहिणीची रजा संपली होती. ती शाळेतून आली, पर्स ठेवून हातपाय धुवायला गेली. गार्गी तुझ्या कडेवर होती, तुझ्या डोरल्याशी खेळत होती. आणि ती म्हणाली, "आई." चांगलं स्पष्ट म्हणाली. रोहिणी ओल्या हातांनी धावत आली. तू पोरगी तिच्याकडे दिलीस आणि म्हणालीस, "घे. तुला बघून आई म्हनली."

वहिनी, मी ओट्यावर होतो. रोहिणी तेव्हा मोरीत होती. गार्गी तुझ्या तोंडाकडे बघत होती. का खोटं बोललीस गं? एवढे दिवस शिकवलंस, हातात आलेलं असं देऊन टाकलंस! रोहिणी तिला छातीशी धरून रडत होती आणि तू चहाचं आधण ठेवायला आत गेलीस. त्यानंतर पाळण्यापाशी "आई म्हन" असं तुझ्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

पुढे गार्गीही सगळ्यांचं ऐकून तुला वहिनीच म्हणू लागली. तू कपाळाला हात लावून म्हणालीस, "घ्या, आता हीबी माझी ननंद झाली." सगळ्यात मोठ्याने रोहिणी हसली. त्या दिवसापासून तुम्ही दोघी पुन्हा पहिल्यासारख्या बोलू लागलात.

मग आजी मोरीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं आणि हळूहळू माणसांची ओळख जायला लागली. अण्णांना ती पाटील म्हणायची, मला सालगडी समजून कामं सांगायची. तिचं सगळं तू केलंस. अंघोळ, कपडे, वेणी, मऊ भात. आणि एका सकाळी पडवीतून हाक आली, "आई."

तू स्वयंपाकघरात होतीस. तुला वाटलं, म्हातारी कधीच्या गेलेल्या तिच्या आईला हाक मारतेय. पुन्हा हाक आली तेव्हा तू हात पुसत बाहेर गेलीस. तिने तुझ्या पदराचं टोक धरलं आणि म्हणाली, "आई, कुठं गेल्तीस?"

तू तिच्या उशाशी बसलीस. मग म्हणालीस, "हितंच हाय की."

तेव्हापासून दिवसभर ते चालायचं. आई, पाणी. आई, थंडी वाजती. आणि प्रत्येक हाकेला तू "ओ" म्हणायचीस. मी एकदा विचारलं होतं, वहिनी, कसं वाटतं गं? तू म्हणालीस, "तिला कुठं काय कळतंय." डाळ निवडत राहिलीस. मग मान वर न करता म्हणालीस, "पन बरं वाटतं रे."

आणि आधी गेलीस तूच. ऊसतोडीच्या दिवसांत, सकाळी चहा ठेवलास, जरा टेकते म्हणून बसलीस ती उठलीच नाहीस. म्हातारी मागे आणि तू पुढे, हे काय वागणं झालं? मला तुझा राग आला होता. अजूनही कधी कधी येतो.

तुझा दहावा झाला त्या संध्याकाळी पाहुणे बसले होते आणि पडवीतून हाक आली, "आई, कुठं गेल्तीस?" आत्या रडायलाच लागली. तेव्हा रोहिणी उठली, तिथूनच म्हणाली, "ओ, आले," आणि पाणी घेऊन गेली. आता ते सगळं तीच करते. तुझ्याइतकी मऊ वेणी तिला घालता येत नाही, पण घालते.

मी तुला कधी आई म्हणालो नाही. तू गेल्यावर मळ्यात एकटा असताना म्हणून बघितलं. जमत नाही गं. दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं होतं. तोंडात वहिनीच येतं. तर मी काही आता नवीन नाव शिकणार नाही, रागावू नकोस.

पण मागच्या महिन्यात एक झालं. रोहिणी आणि गार्गी शाळेत, अण्णा मळ्यात. मी गावातलं माझं दुकान बंद करून जेवायला आलो होतो. पडवीतून हाक आली. मी मुकाट्याने पाणी नेलं तर तिने तोंड मिटून घेतलं. भात भरवला, तो थुंकला. नुसती दाराकडे बघून हाका मारत होती. आई, आई. चाळिशीचा गडी मी, मिशीवाला, काय करणार होतो? शेवटी म्हणालो, "ओ."

ती गप्प झाली. पाणी प्यायली, भात खाल्ला. मग माझ्या दाढीच्या खुंटांवरून हात फिरवत म्हणाली, "आई, तू जेवलीस का?"

ती भानावर असताना हे तिने तुला कधी विचारलं होतं का, मला माहीत नाही. मला तरी कधी ऐकू आलं नाही. ती उत्तराची वाट बघत होती, म्हणून मी म्हणालो, "जेवले."

वहिनी, एवढं कबूल करतो. ती आहे तोवर आई म्हणून हाक आली की या घरातून ओ जाईल. रोहिणी नसली तर मी देईन. आणि तिने विचारलं, तर तू जेवलीस, असंच सांगेन.

तुझा,
दत्तू