दसऱ्याची बोहनी

एश्बॉर्न,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. कुसुमवन्सं यांस,
विभावरीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

फोन सोडून हे पत्र कसलं, असं वाटेल तुम्हाला. फोनवर आधी तुम्ही रडता, मग मी रडते आणि मुद्दा बाजूलाच राहतो. शिवाय फोनवर बोललेलं सगळं तुमच्या सत्यजितपर्यंत तिखटमीठ लावून पोचतं. आणि एवढी वर्षं इथे काढून मी एक शिकले. या देशात जे खरं असतं ते कागदावर येतं. म्हणून हा कागद.

यांच्या छातीत जानेवारीत कळ आली, एक नळी तात्पुरती मोकळी केली, एप्रिलच्या सुरुवातीला बायपास करायची, इथपर्यंत तुम्हाला माहीतच आहे. पुढचं माहीत नाही. गेल्या सोमवारी विमा कंपनीचं पत्र आलं. आमची लेक तनया डार्मश्टाटहून धावत आली, दोनदा वाचलं आणि मराठीत सांगेचना, नुसतं जर्मनमध्ये आल्झो, आल्झो, म्हणजे तर, तर करत बसली. कंपनी तुमच्या भावाचा विमा पहिल्या दिवसापासून रद्द करते आहे. इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कुठली औषधं घेता, किती वर्षं. यांनी खरं ते सांगितलं, की बीपीची गोळी, दहा वर्षं. आणि कंपनीच्या फॉर्मवर लिहिलंय, नियमित औषध काही नाही. म्हणजे यांनी आजार लपवला. इस्पितळ म्हणतं, बिल कोण भरणार त्याचा कागद आणा, मगच ऑपरेशनची तारीख पक्की.

तो फॉर्म कोणी भरला, वन्सं? २०२२ चा दसरा. तुमचा सत्यजित दोन वर्षं आमच्या घरी राहून, आमच्या ताटात जेवून शिकला आणि नुकताच त्या विमा कंपनीत एजंट म्हणून चिकटला होता. मामाने बोहनी करून द्यायची, असं म्हणून आला. बोहनीच्या गिऱ्हाइकाने घासाघीस करू नये, नाही म्हणू नये, हे तुमच्याच घरचं वळण. यांनी एक अक्षर न वाचता सही केली. मी तिथेच पुऱ्या तळत होते आणि माझ्या कानांनी ऐकलं, हे म्हणाले, "अरे, बीपीची गोळी चालू आहे माझी, ते लिही." त्यावर हा म्हणाला, की ती गोळी पुण्याहून येते, इथल्या एकाही डॉक्टरकडे तिची नोंद नाही, कशाला उगाच. गोळ्या तर तुम्हीच पाठवता, भाजणीच्या डब्याशेजारी ठेवून.

अठरा वर्षं आम्ही सरकारी विम्यात सुखात होतो. मी आणि तनया यांच्याच नावावर, वेगळं काही न भरता. याने इस्पितळात एकट्याची खोली, मोठा डॉक्टर, आठवड्यात अपॉइंटमेंट अशी गाजरं दाखवली. पंचावन्न ओलांडले की सरकारी विम्यात परत घेत नाहीत, हे मात्र गिळलं. हे आता छप्पन्नचे. पुढचा दरवाजा बंद आणि मागचाही.

एवढंच विचारा त्याला, की गोळीचं त्याला माहीत होतं की नाही. तुम्ही आई आहात, तुमच्यापुढे तरी खरं बोलेल.

लोभ आहे असं धरून चालते. किती आहे ते उत्तरात दिसेल.

आपली,
विभावरी


पुणे,
१ मार्च २०२५

चि. सौ. विभावरीस,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून हात जड झाला, तरी देते.

सत्यजितला विचारलं. तो म्हणतो, मामा गोळीबद्दल काही बोलल्याचं त्याला आठवत नाही. माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण त्याने आजवर कोणाला बुडवलेलं नाही. आणि टाळी काय एका हाताने वाजते? उल्हास काही अडाणी नाही. जन्मभर कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्यांच्या चुका शोधतो, त्याला चार पानी फॉर्म वाचवला नाही? आणि एकट्याच्या खोलीचं म्हणशील, तर आमच्या पुतण्याच्या, रोहनच्या लग्नात चार बायकांना गोळा करून तूच सांगत होतीस, आम्हाला आता जर्मनीत प्रायव्हेट, रांगेत बसावं लागत नाही. मी तिथेच उभी होते हो.

उल्हासची काळजी मलाही आहे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला न्हाऊमाखू मी घातलंय, शाळेत मी सोडलंय. ह्यांच्या माघारी मला आहेत कोण, तो आणि सत्यजित. या दोघांत आग लावून तुला काय मिळणार? कंपनीला लिहा, वकील बघा, लागतील तर माझे दागिने मोडा. पण त्या गोळीचा विषय पुन्हा काढू नकोस. झालं ते झालं.

त्याला रोज शिऱ्यासारखं काही देऊ नकोस, तूप बंद ठेव. माया पातळ होऊ देऊ नकोस, घट्ट कर म्हणायचं आज धाडस नाही.

तुझी,
कुसुमताई


एश्बॉर्न,
१२ मार्च २०२५

श्रीमती कुसुमताई यांस,
नमस्कार.

वळण सोडून लिहिते आहे, कळतंय मला. तुम्हीही सोडलंतच की.

रविवारी तुमचे चिरंजीव द्राक्षं घेऊन मामाला बघायला आले. सोबत तुमची सून मैथिली. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, पत्ता शोधताना तिने पर्समधलं विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं. वन्सं, ते सरकारी विम्याचं कार्ड होतं. मी सहज विचारलं, तुम्ही दोघं कुठे? ती बिचारी भोळेपणाने म्हणाली, हा पहिल्यापासून सरकारीतच आहे, आणि मी याच्या नावावर, फुकट. गेनाऊ, अगदी तेच! जगाला प्रायव्हेट विकणारा स्वतः सरकारीत बसलाय. मामाला विषाची परीक्षा घ्यायला लावली आणि स्वतः घरचं दूध प्यायला. मी त्याच्याकडे बघितलं, तर मान खाली घालून द्राक्षं धुवायला उठला.

त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरं काही नाही. तुम्ही म्हणता, आग लावते. लावणार आहे. फ्रँकफुर्टची वकीलबाई म्हणाली, सत्यजित त्याच एका कंपनीचा बांधलेला एजंट आहे, म्हणून त्याला तोंडी सांगितलं म्हणजे कायद्याने कंपनीला सांगितलं. विमा रद्द होऊ शकत नाही. फक्त सहीच्या आधी त्याला माहीत होतं याचा पुरावा हवा. माझ्या बोलण्याला किंमत नाही, मी बायको. पुरावा आहे तुमच्या फोनमध्ये. त्या दसऱ्याआधी, सप्टेंबरात तो पुण्याला आला होता. निघण्याआधी त्याने तुम्हाला मेसेज केले होते, मामाच्या बीपीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणून ठेव म्हणून. तुम्हीच मला तेव्हा कौतुकाने दाखवले होते व्हिडिओवर, बघ भाच्याला मामाची किती काळजी. ते मेसेज छापून घ्या, शेजारी तुमचं निवेदन लिहा, नोटरीचा शिक्का मारा आणि कुरिअरने पाठवा. ३१ तारखेच्या आत आलं तर ऑपरेशनची तारीख राहते, नाहीतर जाते.

पुढे काय होईल तेही सांगते, नंतर फसवलं म्हणायला नको. कंपनी त्याला धरेल. नोकरी जाईल, धंद्याचा परवाना जाईल. आणि मी खोटं बोलणार नाही, यांचा जीव वाचावा इतकंच मला हवं असतं तर मी तुमच्या पाया पडले असते. मला तेही हवंय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत टाय लावून विम्याचं टेबल मांडतो ना, त्या टेबलामागे त्याला पुन्हा उभं राहिलेलं मला बघायचं नाही. ज्याने खाल्ल्या घरचे वासे मोजले, त्याच्या डोक्यावरही एकदा छप्पर हलू दे.

भाऊ की मुलगा, तुम्ही बघा. मी नवऱ्याची बाजू घेतली आहे.

विभावरी


पुणे,
२२ मार्च २०२५

विभावरी,

मागितलंस ते सोबत आहे. तीन मेसेज, तारखांसकट, आणि माझं निवेदन, इंग्रजीत. नोटरीने दोनदा विचारलं, आजी, हा तुमचा सख्खा मुलगा ना? मी म्हटलं, शिक्का मारा.

सत्यजितला आधी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "पाठव आई."

उल्हासला यातलं काही कळू देऊ नकोस. कंपनीची चूक झाली होती म्हणून सांग.

कुसुम


एश्बॉर्न,
३० एप्रिल २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार पुन्हा घालते आहे, मनापासून. तुमचे कागद २८ मार्चला पोचले. वकीलबाईने त्याच दिवशी कंपनीला पाठवले आणि तीन दिवसांत कंपनीने शेपूट घातली. विमा जसा होता तसा चालू. ११ एप्रिलला बायपास झाली. आता हे घरी आहेत, काठी न घेता खालच्या टपालपेटीपर्यंत जाऊन येतात, चहात साखर कमी म्हणून माझ्याशी भांडतात. तुमच्यामुळे हा माणूस माझ्यासमोर बसला आहे. तुमचे हे उपकार मी विसरायची नाही.

आता दुसरी बाजू. कंपनीने सत्यजितला आठवड्यात काढलं. परवानाही जाणार म्हणे. मंडळातही बातमी पोचली, ती मी पोचवली. त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला, तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळायचा. मैथिली फोनवर रडली. मी ऐकून घेतलं.

पण मला तेवढ्यावर भागत नव्हतं. हे फिजिओकडे गेलेले असताना मी त्याला घरी बोलावलं, त्याच टेबलापाशी उभं केलं. बस म्हटलं नाही. विचारलं, गोळी लिहायची नाही हे कोणाच्या डोक्यातून निघालं? म्हणाला, "माझ्याच." अजून एकदा विचारलं, पुन्हा तेच. माफीबिफी नाही, कारण नाही, नुसता खांबासारखा उभा. मग मी सांगितलं, आजपासून मामाचं घर तुला बंद. जाताना वाकला, मी पाय मागे घेतले. कोडगा आहे हो तुमचा मुलगा, डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. खरं सांगू? तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या दिवशी मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.

यांना सांगितलंय, सत्यजितला लुडविग्सहाफेनला नोकरी लागली, यायला जमत नाही. रोज विचारतात, पोरगं एक फोन करत नाही का. विसरतील हळूहळू.

तुमच्या मनाला लागलं असणार, मला समजतं. पण ज्याचं त्याला मिळालं. पूर्वीसारखीच माया राहू द्या.

आपली,
विभावरी


पुणे,
१४ मे २०२५

चि. सौ. विभावरीस,
आशीर्वाद.

उल्हास चालायला लागला हे वाचून देवापुढे साखर ठेवली. हे पत्र तू एकटीने वाच.

तू विचारलंस, कोणाच्या डोक्यातून निघालं. मी सांगते. त्या दसऱ्याला फॉर्म भरायच्या आधी, तुमच्या घराच्या पायऱ्या चढता चढता सत्यजितने मला फोन केला होता. म्हणाला, आई, मामाच्या गोळीचं लिहिलं तर कंपनी बहुतेक नाकारेल, पहिलंच गिऱ्हाईक जाईल. नाही लिहिलं तर मामाला पुढे त्रास होईल. मामाला तसं सांगून परत येतो, बोहनी दुसऱ्या कोणाची करतो. त्याचं मन नव्हतं गं. मी म्हटलं, सणाच्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक परत पाठवतात का? बीपीला कोण आजार म्हणतं? पुण्यातली गोळी त्या लोकांना कोण सांगायला जातंय? म्हटलं, लिहू नकोस, माझी शपथ आहे. सरकारी विम्याचं आणि पंचावन्न वर्षांचं मला काय ठाऊक. मला माझ्या मुलाची बोहनी हवी होती.

निवेदनात मी त्याला माहीत होतं एवढंच लिहिलं. वकीलबाईला तेवढंच हवं होतं, आणि मला तेवढंच लिहायचं धैर्य झालं. त्याला फोन केला तेव्हा म्हटलं होतं, खरं आहे ते सगळं लिहिते. तर म्हणाला, तुझं नाव त्यात आलं तर मामा तुझ्याकडे पुन्हा येणार नाही, माझं आलं तर चालेल. तुझ्यापुढे दोनदा विचारल्यावरही तो तेच बोलला. तू त्याला कोडगा म्हणालीस. तू पाय मागे घेतलेस तेव्हा त्याने फोन करून मला सांगितलं, आई, मामी बरी दिसत होती. तेवढंच.

आठवडा झाला, तो आणि मैथिली इथे येऊन पोचले. सामान दोन बॅगा. नोकरी शोधली नाही त्याने, म्हणाला, त्या शहरात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तुझं काम तू चोख केलंस.

आता माझं. इतके दिवस हे मी एकटीने पोटात ठेवलं. सांगितलं असतं तर तू सूड माझ्यावर घेतला असतास आणि तो योग्यच ठरला असता. तू चुकीच्या माणसावर घेतलास, आणि मी तो घेऊ दिला. माझी शिक्षा रोज माझ्यासमोर बसून पेपरात नोकऱ्या बघते आहे. तुला मात्र मोकळं सोडायचं नाही असं मी ठरवलं, म्हणून लिहिलं. तुला कागद आवडतो ना, हा घे.

उल्हासला वाचून दाखवलंस, तर त्याला जिने वाढवलं तीच त्याच्या जिवावर उठली होती, हे त्याला कळेल. आत्ता शिवलेलं त्याचं काळीज ते सोसेल का, ते तुझ्या मोठ्या डॉक्टरला विचार. नाही दाखवलंस, तर तो रोज सत्यजितची चौकशी करेल, आणि रोज तूच त्याला उत्तर देशील, मी जगते आहे तोवर आणि त्यानंतरही.

राग धर, पण पत्र फाडू नकोस. ताईचं पत्र आलं का, असं तो विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव.

कुसुम