सगळं त्या एकाच आजाराचं नव्हतं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, अविवाहित, धंदा चष्मे बनवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. परवा हृदयाचं ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढं लिहीपर्यंत चारदा उठून खिडकी उघडली आणि लावली. मी नैराश्यावरच्या गोळ्या घेते. तेवढ्यावरून मला वेडी ठरवून हा कागद मोडता येणार नाही, हे दादाने आधीच समजून घ्यावं. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. दुकान, काचा घासण्याचं यंत्र आणि सगळ्या फ्रेमा माझ्या कारागीर बाईंना द्याव्यात. बारा वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्यापुढे धूर आला. पेटीतलं एकेक भिंग लावून पाहिलं, कशानेच फरक पडेना. बाईंनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला, म्हणजे नसांवरचं वेष्टण खाणारा आजार. पुढे पाय बधिर झाले, तरी त्यांनी दुकान एक दिवस बंद पडू दिलं नाही.

२. राहती खोली आणि बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. तीन वर्षांपूर्वी मला अंथरुणातून उठवेना. केस गळत, उन्हातही थंडी वाजे. डॉक्टर म्हणाले, "त्याच आजाराचं आहे." दादा म्हणाला, "आता पुरे. दुकान माझ्या नावावर कर आणि पडून राहा." कागद तयारही झाले होते. धाकटी आली, मला पाहून भडकलीच. "ताई, सगळ्याचं खापर त्या एकाच आजारावर का फोडतेस? रक्त तरी तपासून घे!" थायरॉइड निघालं, जोडीला नैराश्यही. दोन्हींवर औषधं सुरू झाली. चौथ्या महिन्यात मी यंत्रावर बसले आणि दादाचे कागद फाडले.

३. दादाला आईचं आरशाचं कपाट. दुकानावर त्याचा काहीही हक्क नाही. मात्र पाय गेले त्या वर्षी व्यायामोपचाराच्या दवाखान्याचा जिना त्याने मला रोज पाठीवर घेऊन चढवला, हेही इथे नोंदवते.

४. डॉक्टरांवरचा राग मी सोडून देत आहे. गेल्या महिन्यात छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होऊ लागलं. चाललं की वाढायचं, थांबलं की ओसरायचं. "नसांचंच असणार," असं या खेपेला मीच म्हणाले, आणि बावीस दिवस गप्प बसले. शेवटी कारागीर बाईंनी न विचारता गाडी बोलावली. दुखणं हृदयाचं निघालं.

५. शुद्धीवर आले नाही, तर "त्या आजाराने गेली" असं कोणी परस्पर ठरवू नये. धाकटीने डॉक्टरांसमोर बसावं, काय झालं ते नीट विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नये.

सही तीनदा केली आहे. हात कापतो, त्यामुळे तिन्ही वेगळ्या दिसतात. तिन्ही माझ्याच आहेत.

साक्षीदार, माझ्यासमोर सही करणारे:
शेजारचे किल्लीवाले
समोरच्या शाळेतल्या बाई

ठिकाण: दुकानामागची खोली
मंगळवार, सकाळचे अकरा