गुलाबी कोट

तारीख १४, मंगळवार

चिमणे,

आशीर्वाद. मी ठीक आहे, गुडघे सोडून. ते तुझ्या आईवर गेलेत, कुणाचंच ऐकत नाहीत. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच, चौथीच्या पुढे शाळेने मला सोसलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. औषधांच्या पॅकिंगची इनचार्ज झालीस, भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' अशी पाटी लावलीस, वाढदिवसाला केक कापतेस. कापा. पाटी वाचून कुणी घरचं होत नाही, एवढं मात्र सांगते. आता तुझ्या हाताखालच्या बाईने तीन खोक्यांना चुकीची लेबलं लावली. माल बाहेर पडायच्या आधी तिनेच येऊन तुला सांगितलं. साहेबांना सोमवारी तिचं नाव लेखी हवंय. दिलंस तर ती जाते, नाही दिलंस तर तुझी खुर्ची हलते. आणि विचारतेस मला.

मला चादरी धुण्यापलीकडे काय कळतंय? तेवढंच सांगते.

इस्पितळाच्या लाँड्रीत लागून तीन आठवडे झाले होते. तुझी आई तापाने फणफणलेली, तिला शेजारणीकडे टाकून आले. तिची लाल रिबीन माझ्या खिशात होती, ती कपड्यांत कधी पडली कळलंच नाही. मशीन उघडलं तर डॉक्टरांचे चाळीस पांढरे कोट गुलाबी.

आमच्या मुकादम बाई रोज सकाळी दारात उभ्या राहून प्रत्येकीला घरचं विचारायच्या आणि उत्तर लक्षात ठेवायच्या. त्यांनी रिबीन चिमटीत धरली.

"पोरीची?"

"हो."

"ताप उतरला का?"

मला वाटलं, हाकलायच्या आधी चौकशी करतायत. त्यांनी मला घरी पाठवलं आणि त्यातलाच एक कोट चढवून साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "माझ्या विभागाची चूक, म्हणजे माझी." आठवडाभर डॉक्टर गुलाबी फिरले. निम्मे पेशंट हसूनच बरे झाले असतील.

तेव्हापासून लाँड्रीत कुणी चूक लपवली नाही. पट्टा करकरला, कपडा फाटला, की सरळ बाईंकडे.

इथवरचं तू दर सुट्टीत ऐकलंयस. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

बाई निवृत्त झाल्या, मी मुकादम झाले. जिला सगळ्या बुटकी म्हणायच्या, ती माझी जोडीदारीण. चादरीची दोन टोकं धरून आम्ही बारा वर्षं घड्या घातल्या. एकदा तिच्या हातून इस्त्रीच्या मशीनवर नव्या चादरींचा गठ्ठा जळला. तिनेच येऊन मला सांगितलं. साहेबांनी नाव विचारलं आणि मी दिलं. विचारसुद्धा केला नाही. नवी खुर्ची होती ना.

तिला काढलं. महिन्याभराने त्याच मशीनला जळका वास यायला लागला. सात जणींना आला, एकीनेही तोंड उघडलं नाही. मोटर जळाली, एकीचा हात भाजला. तिला विचारलं, "वास आला नव्हता का?" म्हणाली, "आला की. पण सांगणारीचं काय होतं ते बघितलंय."

पुढे मीही दारात उभं राहून घरचं विचारू लागले. सगळ्या म्हणायच्या, "बरंय." वर्षानुवर्षं बरंच होतं सगळ्यांचं.

तुझं पत्र आलं आणि रविवारी मी बुटकीकडे गेले. तीन जिने. दार उघडून म्हणाली, "एकवीस वर्षं लागली का गं तीन जिने चढायला?"

म्हटलं, "गुडघे."

"गुडघ्यांना नावं ठेवू नकोस." पण दारातून बाजूला झाली.

चहा पाणचट होता, तरी दोन कप प्यायले. निघताना तिने दोरीवरची चादर काढली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. घडी अजून सरळ पडते आमची.

सोमवारी कागदावर कुणाचं नाव लिहायचं, ते तुझं तू बघ. खुर्ची गेलीच तर माझ्याकडे ये, जागा आहे. आणि त्या बाईला आधी विचार, तिच्या घरी काय चाललंय. उत्तर लक्षात ठेव.

चूक माझी होती, हे पहिल्यांदाच लिहून खाली सही करणारी,

तुझी आजी